हे नाव रिकामं नाही

५ फेब्रुवारी

दादा,

तू जिवंत आहेस हे बाबांना कळव. लेखी कळव आणि लवकर कळव.

अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात साधं ‘कसा आहेस’ नाही, म्हणून तू पाकीट उलटसुलट करून बघशील. पाकिटावर तुझं नावही नाही. ‘पेंटर, होड्यांची गोदी’ एवढंच लिहिलंय आणि बाकी पोस्टमनच्या अकलेवर सोडलंय. नाव लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात अडला. या घरात ते नाव कुणी घ्यायचं नाही असा हुकूम तू गेलास त्या दिवशी सुटला, आणि आम्ही तो इतक्या इमानेइतबारे पाळला की आता मोडायचा म्हटला तरी मोडवत नाही.

पत्ता रंगाच्या कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळाला. तोच तो, बोलताना शेड-कार्डाचा पंखा करून वारा घेणारा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुकानात आला आणि मला म्हणाला, “तुमचा भाऊ तिकडे बंदरावर होड्यांची नावं रंगवतो. काय हात आहे हो त्याचा!” बाबा आत स्टुलावर बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या दिवशी चहा मात्र दोनदा मागितला.

आता खरी गोष्ट. सतरा जानेवारीला मला मुलगा झाला. त्याआधी माझं लग्न झालं हे तुला माहीत नसेल. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, स्वभावाने बरा आहे, फक्त जिन्याने कधी चढत नाही. मुलाच्या मुठी जन्मल्यापासून आवळलेल्या आहेत, कुणी काही हिसकावून नेईल अशा. म्हणून तूर्त त्याला सगळे मुठ्या म्हणतात. पण नोंदणी कार्यालयातल्या बाईंना मुठ्या चालत नाही. फॉर्मवर नावाचा चौकोन रिकामा आहे आणि तो महिनाअखेरपर्यंत भरायचा आहे. नंतर भरायचा तर वकिलाचा कागद, साक्षीदार, असलं बरंच झेंगट त्यांनी ऐकवलं.

बाबांनी नाव ठरवलंय. तुझं.

आपल्या घरचा नियम तू विसरला असशील तर आठवण करून देते. आपल्याकडे गेलेल्या माणसाचंच नाव पोराला ठेवतात. माणूस जाईपर्यंत त्याचं नाव कुणाला द्यायचं नाही. तुला पणजोबांचं मिळालं ते तू जन्माला यायच्या दोन महिने आधी ते गेले म्हणून. आत्या सांगते की बाबांनी तेव्हा आईला म्हटलं होतं, “नाव रिकामं झालं, आता मुलगाच होणार.” म्हणजे बाबा नियम मोडत नाहीयेत. नियम तंतोतंत पाळतायत. तू आहेस हे त्यांना माहीत आहे, फक्त मान्य नाही.

मला ते चालणार नाही. माझ्या मुलाच्या हातून मी तुझे दिवस घालू देणार नाही. तेव्हा बाबांना दोन ओळी लिही. ‘मी आहे’ एवढंच लिहिलंस तरी पुरे.

तुझी,
टिंब

(अजून टिंबच. तू मला अनुस्वारांपलीकडे कधी काही रंगवू दिलं नाहीस ते विसरलेले नाही.)


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, सहाच दिवस झालेत. होड्या बऱ्याच असतील.

तोवर मी बाबांच्या पुढ्यात दुसरी नावं ठेवायचं ठरवलं. नुसतं ‘हे नको’ म्हणून ते ऐकत नाहीत, त्यांना बदली वस्तू दाखवावी लागते, गिऱ्हाइकाला दाखवतो तशी. काल दुपारी जेवण झाल्यावर आत्याला बसवलं आणि घराण्यातल्या सगळ्या गेलेल्या पुरुषांची यादी केली. आत्याला आता कालचं आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वी कोण कुणाच्या लग्नात रुसलं ते घड्याळाच्या वेळेसकट सांगते.

पहिलं नाव निघालं जनार्दन. मला आवडलं. भारदस्त वाटतं. आत्या म्हणाली, “तो? अगं, त्याने आयुष्यात एक काम पुरं केलं नाही. भिंत रंगवायला घेतली की एवढ्यावर सोडायचा.” आणि तिने कमरेएवढा हात दाखवला. मी तरी जनार्दन ठेवून बघितलं मनात. मुठ्याने दूध अर्धं सोडलं तरी आत्या ‘बघ’ म्हणणार.

मग वामन. हे आईच्या वडिलांचं. त्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नाही. पुरुषोत्तम म्हणजे बाबांचे धाकटे काका, त्यांच्याबद्दल आत्या काहीच बोलली नाही, नुसती पदर नीट करत बसली, म्हणून मी ते खोडलं. भालचंद्र चांगलं होतं, पण भालचंद्र आजोबा शाळेत मास्तर होते आणि बाबांना त्यांनी इतकं झोडपलंय की नाव ऐकताच बाबांचा हात कानाकडे गेला. सत्तरीचा माणूस! श्रीपाद नावाचे तर घरात तिघे होऊन गेले आणि तिघेही विसराळू. तिसरा स्वतःच्याच साखरपुड्याला एक दिवस उशिरा पोचला होता म्हणे.

आमच्या लिफ्टवाल्यांनी मधेच तोंड घातलं. मोबाइलवरून दोन अक्षरी नावं वाचायला लागले. कसली ती नावं, शिंक आल्यासारखी. बाबा म्हणाले, “दाराच्या पाटीवर दोन अक्षरं? लोकांना वाटेल पाटी तुटली.”

शेवटी आत्या म्हणाली, “एक राहिलं. पण ते नको. त्र्यंबक.”

हे मला माहीतच नव्हतं. आजोबांचे पाठचे भाऊ. विसाव्या वर्षी घरात भांडून निघून गेले, कुठे गेले कुणाला पत्ता नव्हता. आजोबांनी त्यांच्या वाटचं दुकानाचं कामही केलं आणि त्यांच्या वाटच्या शिव्याही खाल्ल्या. आत्या म्हणाली, “पळपुट्याचं नाव आहे ते. पोराला ठेवलंस तर पायाला चाक लागेल.” बाबा तेवढ्यात उठले. जाताना म्हणाले, “ते रंगवायलाही वाईट. पहिल्याच अक्षरात ब्रश गुंततो. आणि नाव ठरलंय, उगाच कशाला पाढे वाचताय?”

लिफ्टवाले म्हणाले, “त्र्यंबक चांगलं आहे, पण एवढ्याशा पोरावर वजन जास्त होतंय.”

मीही ते खोडलं. यादी संपली.

लिही रे. दोन ओळींना किती वेळ लागतो?

टिंब


१५ फेब्रुवारी

दादा,

आज बाबांशी भांडले. म्हणजे मी भांडले, बाबा पाटी घासत होते.

हो, पाटी. सहा वर्षांत त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता. दुकान मी चालवते, स्टिकर कापायचं मशीन आहे, कॉम्प्युटर आहे, अक्षर निवडायचं, बटण दाबायचं, सोलून चिकटवायचं. जे तू आणू या म्हणत होतास आणि बाबा नको म्हणत होते तेच. ते आल्यापासून बाबा समोर स्टुलावर बसून मशीनकडे घरात शिरलेल्या मांजराकडे बघावं तसं बघत असतात. पण गेले दहा दिवस दुपारी मी वर मुठ्याजवळ असताना ते खाली येतात आणि जुन्या वर्तमानपत्रावर खडूने काहीतरी गिरवतात. मी गेले की घडी घालून खिशात. आज एक पत्र्याची पाटी काढून पॉलिश पेपरने घासत होते. मला वाटलं, झालं, मुठ्याच्या नावाची पाटी करायला घेतली.

मी म्हटलं, “बाबा, तो गेला असं तुम्ही ठरवलंत. मी नाही ठरवलं.”

“अकरा वर्षं,” ते म्हणाले. “गेलेलं माणूस याहून वेगळं काय करतं?”

“त्याला जा कुणी म्हटलं?”

“मी नाही म्हटलं. मी म्हटलं, एका दुकानात दोन पेंटर नकोत.”

“मग अर्थ काय होतो त्याचा?”

ते पाटी घासत राहिले. माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं, आणि ते तुलाच सांगायचं असल्यामुळे आता सांगते. बसून वाच.

त्या शाळेच्या पाटीचं बाबांना हेडमास्तरांकडून कळलं असं तू धरून चाललास. तसं नाही. मी सांगितलं.

तू मला दुकानात ठेवून शाळेत गेलास, बाबांनी रंगवलेल्या पाटीची शिरोरेघ थरथरली होती ती पुसून सरळ केलीस, अख्खी ओळ पुन्हा ओढलीस, आणि येऊन मला म्हणालास, “बाबांना कळता कामा नये, त्यांना हात थरथरतो हे माहीत नाहीये.” मी शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले की शाळेची पाटी काय उतरलीय, रस्त्यावर उभं राहून बघत राहावं. आणि तू मान खाली घालून जेवत होतास. मी एकोणीस वर्षांची होते, दादा. दुकानावर लिहिलेलं होतं ‘आणि चिरंजीव’. माझा हात तुझ्यापेक्षा वाईट नव्हता आणि मला फक्त टिंबं. मी म्हटलं, “ती रेघ दादाने ओढलीय.”

मला एवढंच वाटलं होतं की बाबा तुला रागावतील. पुढचं काहीच डोक्यात नव्हतं. बाबांनी ताटावरून उठून जाऊन शाळेची पाटी डोळ्यांनी बघितली, परत आले, तुला जे बोलायचं ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी तुझी पेटी नव्हती. ‘आणि चिरंजीव’वर त्यांनी पांढरा हात मारला तेव्हा शिडी मी धरली होती.

हे मी बाबांना, आत्याला, नवऱ्याला, कुणालाही सांगितलेलं नाही. तू रागावलास तर बरोबरच आहे. पण रागावायला तुला तुझं नाव लागेल, आणि ते मी सांभाळून ठेवतेय.

टिंब


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकदा वाचलं आणि इतका संताप आला की मुठ्या दचकून रडायला लागला. मी काहीच बोलले नव्हते, नुसती श्वास घेत होते.

‘ठेवू दे त्यांना. मला ते नाव लागत नाही. इथे सगळे पेंटरच म्हणतात. शाळेचं तुझ्या मनाला लावून घेऊ नकोस, मला तेव्हाच कळलं होतं. बाळाला आशीर्वाद.’

वा! अकरा वर्षं मी रात्रंदिवस जे उरावर घेऊन फिरले ते तुला तेव्हाच कळलं होतं, आणि तू मला एक ओळ लिहिली नाहीस. आणि आता नाव देऊन टाकायला निघालास, घरातली जुनी खुर्ची कुणाला देऊन टाकावी तसं. नाव काय तुझ्या एकट्याच्या मालकीचं आहे? तुला ते लागत नाही कारण माणूस स्वतःला हाक मारत नाही. आम्हाला लागतं.

उद्या मी याला त्या नावाने हाक मारली आणि हा रांगत आला तर मी तुला काय म्हणायचं? ‘दादा’ म्हणशील. दादा मी म्हणते. बाबांनी काय म्हणायचं? आत्याने?

आणि याचं काय? हा मोठा होईल, विचारेल, माझं नाव कुणाचं? मी सांगायचं की तुझ्या मामाचं. कधी वारला? वारला नाही, बंदरावर होड्या रंगवतो, पण त्याने कार्डावर सही करून नाव सोडून दिलं. सही केलीस ना? नाही केलीस. ‘पेंटर’ लिहिलंस. म्हणजे तू स्वतःच हुकूम पाळतोयस, एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर बसून! बाबांचा खरा मुलगा आहेस.

तुझी परवानगी मला नको होती. मला बाबांना दोन ओळी हव्या होत्या, त्या तू लिहिल्या नाहीस. आता माझं मी बघते. आठ दिवस आहेत. हे नाव रिकामं नाही, असं मी नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत ओरडून सांगेन, लागलं तर.

होड्यांवर कसली नावं असतात हे मात्र कळव. उगाच, मला बघायचंय.

टिंब


२५ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. माझा निश्चय काल दुपारी ढासळला होता. तो परत उभा केलाय, पण कसा ढासळला ते तुला कळायला हवं.

दुपारी मुठ्याला आत्याजवळ ठेवून मी जरा पडले होते. उठले तर आत्या घोरतेय आणि मुठ्या नाही. खाली दुकानातून आवाज येत होता. मी जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. बाबांनी मुठ्याला मांडीवर घेतलं होतं. समोरच्या टेबलावर खडूने गिरवलेली वर्तमानपत्रं पसरली होती, दहाबारा तरी. सगळ्यांवर एकच नाव. तुझं. एकाही कागदावर रेघ सरळ नव्हती.

आणि बाबा ते नाव म्हणत होते. आधी हळू, पुटपुटल्यासारखं. मग जरा मोठ्याने. मग आपण लहान असताना गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जेवायला बोलवायचे तसं, शेवटचं अक्षर लांबवून. दादा, मी अकरा वर्षांनी ते नाव ऐकलं.

त्यांनी मला पाहिलं. लपवलं काहीच नाही.

“तोंडात येईनासं झालं होतं,” म्हणाले. “तो रंगवाला आला होता ना, त्या दिवशी म्हणून बघितलं. जीभ वळेना. स्वतःच्या पोराचं नाव.” मुठ्याची मूठ त्यांच्या बोटाभोवती होती. “याला ठेवलं तर रोज म्हणता येईल. कुणी विचारणार नाही कशाला म्हणता म्हणून.”

मला वाटत होतं ते तुला पुसतायत. मी काय काय बोलले होते त्यांना!

संध्याकाळी मी फॉर्म काढला आणि चौकोनात पेन्सिलीने तुझं नाव लिहिलं. म्हाताऱ्या माणसाला एवढं तरी द्यावं, असं वाटलं. लिफ्टवाल्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं, मुठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाबा हाक मारतील तेव्हा हा वळून बघेल. पण बाबा कुणीकडे बघत असतील?”

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मी त्यांना कमी समजत होते.

आज सकाळी बाबांना चहा दिला आणि समोर बसले. म्हटलं, “बाबा, तुम्ही हाक माराल याला आणि वाट बघाल त्याची. पोराला रोज कळेल. तो येईल धावत आणि रोज थोडा कमी पडेल.” त्यांनी चहाचा घोट घेतला. मी म्हटलं, “नाव म्हणायचंय ना? मग ज्याचं आहे त्याला म्हणा. पत्ता माझ्याकडे आहे.” आणि शाळेचं सांगितलं. शपथ मी मोडली, शिडी मी धरली, सगळं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “शिडी मीच धरायला सांगितली होती,” आणि उठून आत गेले. दिवसभर आत्याच्या मार्फत बोलतायत.

पेन्सिल खोडली. कागद जरा खरवडला गेलाय.

टिंब


२८ फेब्रुवारी

दादा,

भरला चौकोन.

परवा आत्याच्या पायाला तेल लावताना मी सहज विचारलं, “ते त्र्यंबक आजोबा शेवटी कुठे वारले?” आत्या म्हणाली, “कुठे म्हणजे? इथेच. त्या खोलीत.” मी तेल लावायची थांबले. म्हटलं, “ते तर निघून गेले होते ना?” “गेला होता की. बावीस वर्षांनी आला परत. मी दहा वर्षांची असेन. आम्ही जेवायला बसलो होतो, दारात एक टकलू माणूस. आजोबा तुझे वर बघून म्हणाले, ‘त्र्यंबक, हात धू.’ बस. हा हात धुऊन बसला आणि दोनदा वाढून घेतलं मेल्याने. मग पुढे तीस वर्षं इथेच.”

“मग पळपुटा कसा म्हणतेस?”

“पळालाच ना आधी!”

बघ म्हणजे. या घरात त्या माणसाचं जाणं तेवढं लक्षात राहिलं आणि येणं कुणी सांगितलं नाही. जाऊन परत आलेला घरातला एकच पुरुष आणि त्याचं नाव यादीत शेवटी, तेही ‘नको’ म्हणून.

आज सकाळी मुठ्याला गुंडाळला आणि नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “त्र्यंबक? आजकाल कुणी ठेवत नाही.” म्हटलं, “आम्ही ठेवतो.” त्यांनी लिहिलं आणि अनुस्वार विसरल्या. मी खिडकीतून हात घालून त्यांच्याच पेनाने टिंब दिलं. चिडल्या जरा. पण तेवढ्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही हे तुला माहीत आहे.

घरी येऊन बाबांना कागद दाखवला. त्यांनी वाचला, मागून वाचला, परत दिला. आत्या म्हणाली, “पायाला चाक लागणार.” मी म्हटलं, “लागू दे. चाक परतही येतं.” लिफ्टवाल्यांनी मुठ्याला उचलून वजन केल्यासारखं केलं आणि पेलवतंय म्हणाले.

बाबांचं जेवण झालं, हात धुतले, आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, “तो पत्ता काय म्हणालीस?”

आता या पत्राचं सांगते. मी हे सगळं लिहून होईपर्यंत बाबा खाली दुकानात होते. पाकीट मी त्यांच्याकडे दिलं होतं. ब्रशने नको, पेनाने लिहा म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी वर निघून आले. दोन पाकिटं बिघडवली, तिसरं मागून नेलं. मधेच वरपर्यंत ऐकू येत होतं, प्रत्येक अक्षर लिहिताना मोठ्याने म्हणत होते. आत्या जागी होऊन म्हणाली, “कोण आलंय?” मी म्हटलं, “अजून नाही.”

पाटी मात्र मुठ्याची नव्हतीच. आज बघितली. घासून, पांढरा हात देऊन वाळत ठेवलीय, कोरी. कुणाची आहे ते विचारलं नाही. तू येऊन विचार. जेवणाच्या वेळी ये, म्हणजे कुणाला फार बोलावं लागणार नाही.

तू हे वाचतोयस म्हणजे पाकीट आधीच फोडलं असशील. फेकलं असशील तर उचल आणि परत बघ. तुझं नाव त्यांनी लिहिलंय, पूर्ण, ठळक, काळ्या रंगात. शिरोरेघ पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत थरथरलेली आहे. तू सुधारायला जाशील, मला माहीत आहे तुझा हात.

ती रेघ तशीच राहू दे.

टिंब